लॅपटॉपचा पंखा सतत ओरडतोय? बदलण्याआधी मशीन गार असताना ऐका

नुसता ब्राउझर उघडला तरी लॅपटॉप मिक्सरसारखा घोंघावतो. दुकानात नेला की पहिलं उत्तर येतं, 'फॅन बदलावा लागेल.' माझ्या मते हे उत्तर बहुतेक वेळा चुकीचं असतं. बिघडलेला पंखा खरखरतो, अडखळतो किंवा थांबतो. जोरात फिरणारा पंखा सांगितलेलं काम करत असतो. त्याला पळायला कोण लावतंय, ते शोधायचं.

त्यासाठी एक फुकटची चाचणी आहे. रात्रभर बंद असलेला लॅपटॉप सकाळी सुरू करा आणि ऐका. सुरुवातीचे काही सेकंद आवाज आला तर सोडून द्या. पण गार मशीनचा पंखा पुढेही पूर्ण वेगात राहिला, तर दोष धुळीचा नाही, नियंत्रणाचा आहे. तापमान मोजणारा सेन्सर, बायोसमधली सेटिंग किंवा पंख्याची वायर तपासायला हवी. चार तारांच्या पंख्यात एक तार फक्त वेगाचा संदेश नेते. ती सैल झाली तर पंखा सहसा पूर्ण वेगात पळतो. अशा वेळी नवा पंखा विकत घेऊन काय होणार?

पंखा हळूहळू चढत असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि सीपीयूच्या रकान्यावर क्लिक करा. विंडोज अपडेट किंवा अँटिव्हायरसचं स्कॅन वर दिसलं तर तासभर थांबा. बऱ्याचदा तिथे ब्राउझरच सापडतो, नाहीतर त्यातलं विसरलेलं एखादं एक्स्टेन्शन.

सीपीयू निवांत आहे, तरी तळ तापतोय? मग हवा बाहेर पडते त्या जाळीशी हात धरा. पंखा गरगरतोय पण झोत क्षीण, म्हणजे वाट तुंबली आहे. पंखा आणि धातूच्या पातळ पट्ट्या यांच्यामध्ये धुळीचा अक्षरशः नमदा तयार होतो. बाहेरून ब्लोअर मारला तर तो अनेकदा आतच राहतो, वर पाती बेफाम फिरून बेअरिंग खराब होऊ शकतं. मशीन बंद करून, पंखा उघडून साफ करणं हाच खरा उपाय. काही वर्षं जुन्या लॅपटॉपमध्ये त्याच वेळी थर्मल पेस्टही बदलून घ्या.

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा मात्र पंख्याला दोष देऊ नका. तो आत खोलीतलीच हवा ओढतो. त्यात लॅपटॉप गादीवर ठेवला तर खालची जाळीही बंद.

सॉफ्टवेअरने पंखा हळू करण्याचा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो. प्रोसेसर साधारण १०० अंशांजवळ स्वतःचा वेग कमी करून वाचतो, शेजारच्या बॅटरीला ती सोय नाही. शांतताच हवी असेल तर विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ऐवजी ९९ टक्के करा. अनेक लॅपटॉपमध्ये त्याने टर्बो बंद होतो आणि उष्णता उतरते. काही नव्या मॉडेलमध्ये हा पर्याय लपवलेला असतो.

दुकानात गेलात तर 'फॅन बदला' म्हणू नका. आवाज गार असताना येतो की तापल्यावर, एवढं सांगा आणि आधी सफाई समोर करून मागा. टचपॅड वर उचलला गेला असेल, तर बॅटरी फुगलेली असू शकते. मग चाचण्या नकोत. चार्जर काढा, मशीन बंद करा आणि आजच दाखवा.