रिस्टार्ट मारण्याआधी लॉग वाचा

पतसंस्था, शाळा, दवाखाने यांची छोटी वेब ॲप्लिकेशन्स सांभाळणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, एक कळकळीची विनंती आहे. डेटाबेसचं कनेक्शन तुटलं की लगेच सर्व्हर रिस्टार्ट करू नका. रिस्टार्टने काम चालू होतं हे खरं, पण कनेक्शन का तुटलं याचा मागही त्यासोबत पुसला जातो. चार दिवसांनी तोच फोन पुन्हा येतो.

सगळ्यात आधी वेळ बघा. तक्रार रोज सकाळी, काउंटर उघडल्यावर पहिल्याच पावतीला येते का? दुसऱ्यांदा बटण दाबलं की सगळं सुरळीत चालतं का? मग बिघाड बहुतेक रात्रीच्या निवांतपणात आहे. मायएसक्यूएलमध्ये वापरात नसलेलं कनेक्शन मुळात 28,800 सेकंदांनी, म्हणजे 8 तासांनी बंद होतं. कचेरी संध्याकाळी सहाला बंद होते आणि सकाळी दहाला उघडते. मधल्या 16 तासांत डेटाबेसने आपल्या बाजूने दार लावून घेतलेलं असतं, पण ॲप्लिकेशनच्या पूलमध्ये ते कनेक्शन अजून जिवंत म्हणून नोंदलेलं असतं. सकाळचा पहिला माणूस नेमका तेच कनेक्शन उचलतो आणि ‘सर्व्हर हॅज गॉन अवे’ वाचतो.

यावर 8 तासांचे 24 तास करणं हा उपाय नव्हे, रविवार आला की पुन्हा तेच होईल. पूलमधल्या कनेक्शनचं आयुष्य डेटाबेसच्या मुदतीपेक्षा कमी ठेवा आणि वापरण्याआधी ते जिवंत आहे का, हे तपासायला लावा. एसक्यूएलअल्केमीत ‘पूल प्री पिंग’ आहे, जँगोत 4.1 पासून कनेक्शनची तपासणी करण्याची सोय आहे, जावावाल्यांच्या हिकारी पूलमध्ये कनेक्शनचं आयुष्य मुळातच 30 मिनिटांचं असतं. बहुतेक ठिकाणी हे एका ओळीचं काम आहे.

ॲप्लिकेशन आणि डेटाबेसच्या मध्ये फायरवॉल किंवा लोड बॅलन्सर असेल तर त्याचीही मुदत विचारून घ्या. ॲमेझॉनचा नेटवर्क लोड बॅलन्सर टीसीपीसाठी मुळात 350 सेकंदांची शांतताच सहन करतो, तर लिनक्स कीपअलाइव्हचा पहिला निरोप 7,200 सेकंदांनी पाठवतो. तोवर वाट कधीच बंद झालेली असते.

दुपारी ऐन गर्दीत ‘टू मेनी कनेक्शन्स’ आलं, तर दुखणं वेगळं आहे. मायएसक्यूएलची मूळ मर्यादा 151 आहे, पोस्टग्रेसची 100. तुमच्या ॲप्लिकेशनच्या चार प्रोसेस आणि प्रत्येकीचा पूल 40 चा असेल, तर 160 झाले. हा हिशेब कागदावर मांडा, मगच आकडे वाढवा. ‘शो प्रोसेसलिस्ट’ चालवून बघा. ‘स्लीप’ लिहिलेल्या ओळींची रांग दिसली आणि ती वाढतच गेली, तर कोडमध्ये कुठेतरी एरर आल्यावर कनेक्शन परत करायचं राहून जातंय. आणि ॲप्लिकेशनला रूटने लॉगिन करू देऊ नका. मायएसक्यूएल ॲडमिनसाठी एक जादा कनेक्शन राखून ठेवतो. ॲप्लिकेशनच रूट असेल तर तेही संपतं आणि अडचणीच्या वेळी तुम्हालाच आत शिरता येत नाही.

वेळेचा काहीच मेळ बसत नसेल तर ‘अपटाइम’ विचारा. उत्तर पाच मिनिटं आलं, तर कनेक्शन नव्हे, डेटाबेसच पडून पुन्हा उठलाय. मेमरी संपली का ते सिस्टिमच्या लॉगमध्ये शोधा. उत्तर तीन आठवडे आलं, तर डेटाबेसला दोष देणं सोडा आणि कोड, पूल, नेटवर्क तपासा.

एक गोष्ट मात्र जपून करा. कनेक्शन तुटलं की व्यवहार आपोआप पुन्हा पाठवायचा, असा कोड अनेकजण लिहितात. यादी दाखवायची असेल तर चालेल, पैशाच्या नोंदीला चालणार नाही. कमिट होण्याआधी तुटलं तर नोंद मागे फिरते; पण कमिट पाठवल्यावर, उत्तर येण्याआधी तुटलं तर नोंद झाली की नाही हे ॲप्लिकेशनला कळतच नाही. तेव्हा पुन्हा पाठवलं तर खातेदाराचे एकदाच भरलेले पैसे दोनदा जमा दिसतील. प्रत्येक पावतीला व्यवहार पाठवण्याआधीच क्रमांक द्या, डेटाबेसमध्ये त्यावर युनिक कीचं बंधन घाला आणि पुन्हा पाठवताना तोच क्रमांक वापरा. बाकीची कामं उद्यावर गेली तरी चालतील, हे आजच करा.