कायनेक्ट: १५० डॉलर आणि १५० मिनिटं

मायक्रोसॉफ्टचा कायनेक्ट नोव्हेंबर २०१० मध्ये अमेरिकेत १५० डॉलरना विक्रीला आला. एक्सबॉक्सचा खर्च वेगळा. ‘व्यायाम होईल’ म्हणून तो घ्यावा का?

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, मुलांना रोज ६० मिनिटं. नाचाच्या खेळात धाप लागली, तर ती मिनिटं यात धरा. उभ्या जागी नुसते हात हलवले, तर धरू नका.

तुम्ही रोज भरभर चालत असाल, तर माझ्या मते पैसे वाचवा. पण सोफ्यावरून न उठणारं घरातलं कुणी यासाठी रोज उठणार असेल, तर किंमत वसूल. गुडघेदुखी किंवा हृदयविकार असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.