हरताळ, हिंगूळ आणि मनशीळ

‘नियमांना हरताळ फासला’ हा वाक्प्रचार आज वर्तमानपत्रांतून वारंवार भेटतो, आणि बंद पुकारण्याच्या अर्थाने येणारा ‘हरताळ’ शब्दही त्याच उच्चाराचा असल्याने दोहोंची गल्लत होते. वाक्प्रचारातला हरताळ हे एक पिवळे खनिज आहे. पोथी लिहिताना एखादे अक्षर चुकले, तर लेखनिक ते खोडीत नसे. बारीक वाटून गोंदाच्या पाण्यात कालवलेल्या हरताळाचा हात तो त्या अक्षरावर फिरवी. पिवळसर कागदावर पिवळा लेप बेमालूम बसे आणि त्यावर शुद्ध अक्षर पुन्हा लिहिता येई. शब्दशः हरताळ फासणे म्हणजे चूक झाकून शुद्ध पाठ राखणे. कालांतराने भाषेत उरला तो केवळ पुसून टाकण्याचा अर्थ.

जैन वाङ्मयात मात्र हरताळाचे स्थान लेखनिकाच्या वाटीपुरते मर्यादित नाही. उत्तराध्ययन सूत्राच्या ३६व्या अध्ययनात पृथ्वीकायाचे भेद सांगितले आहेत. त्यांत माती, वाळू, शिला, लवण, लोह, तांबे, रूपे, सोने यांच्या जोडीने हरताळ, हिंगूळ, मनशीळ, अंजन, प्रवाळ आणि अभ्रक यांची नावे येतात. दिगंबर परंपरेच्या मूलाचारातही हीच परंपरा दिसते. शांतिसूरींच्या जीवविचार प्रकरणात स्फटिक, मणी, रत्ने यांच्यासमवेत हीच नावे आहेत. जीवदयेचा विचार करणाऱ्या आचार्यांनी पायाखालच्या भूमीकडे किती बारकाईने पाहिले होते, याची ही साक्ष आहे. ज्याची यतना करावयाची, ते आधी ओळखता आले पाहिजे, ही त्यामागची दृष्टी.

आधुनिक खनिजशास्त्राचा हेतू निराळा आहे. पृथ्वीकायात जीव मानणे हा श्रद्धेचा व दर्शनाचा विषय. खनिजशास्त्र त्या प्रश्नात शिरत नाही. ते दोन गोष्टी विचारते : हा पदार्थ कोणत्या मूलद्रव्यांचा, कोणत्या प्रमाणात बनला आहे, आणि त्यांचे अणू कोणत्या क्रमाने रचलेले आहेत? निसर्गात घडलेला, निश्चित रासायनिक घटना असलेला आणि अणूंची शिस्तबद्ध मांडणी असलेला घन पदार्थ म्हणजे खनिज. प्रवाळ समुद्रजीवांनी घडवलेले असल्याने या व्याख्येत बसत नाही. पारा द्रवरूप असूनही अपवाद म्हणून खनिजांत गणला जातो. आजवर मान्यता पावलेल्या खनिजांची संख्या सुमारे ६,००० आहे.

या दोन प्रश्नांपैकी दुसरा अधिक मार्मिक आहे. मिठाचा खडा फोडला की लहान लहान चौकोनी तुकडे पडतात. कारण त्यात सोडियम व क्लोरीन यांचे कण घनाकृती जाळीत बसलेले असतात. विल्यम हेन्री ब्रॅग आणि त्यांचे पुत्र विल्यम लॉरेन्स ब्रॅग यांनी १९१३ साली क्ष-किरणांच्या साहाय्याने ही रचना उलगडून दाखवली. अभ्रकाचे पापुद्रे सुटतात, कारण त्याचे थर आतून बळकट असले तरी एकमेकांना सैल बांधलेले असतात. स्फटिकात सिलिकॉन व ऑक्सिजन यांचे बंध सर्व दिशांना सारखे घट्ट असल्याने तो पापुद्र्यांत सुटत नाही, शंखासारखा वक्र फुटतो. १८१२ साली फ्रीड्रिख मोस यांनी मांडलेल्या १ ते १० या काठिण्यश्रेणीत स्फटिकाचे स्थान ७ आहे. साधी काच साडेपाचच्या आसपास असते. म्हणून खरा स्फटिक काचेवर ओरखडा उठवतो. काचेचा मुख्य घटकही सिलिकाच. पण तिच्या अणूंना ती शिस्त नसते.

हाच नियम पोथीतल्या रंगांना लावून पाहिला, तर त्यांचे गुण आणि त्यांचे धोके दोन्ही समजतात.

हरताळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधक यांचे संयुग. वजनाने सुमारे ६१ टक्के आर्सेनिक. त्याचीही रचना अभ्रकासारखी थरांची आहे. म्हणूनच त्याच्या पिवळ्याधमक, सोन्यासारख्या चकाकणाऱ्या पाती सुटतात. रसशास्त्राने ‘पत्रहरताळ’ आणि ‘पिंडहरताळ’ असे त्याचे दोन प्रकार मानले, ते या पातींवरूनच. काठिण्य जेमतेम दीड ते दोन, म्हणजे नखाने ओरखडा पडेल इतका तो मऊ. मऊ असल्याने तो खलात सहज वाटला जातो, आणि अपारदर्शक असल्याने खालचे काळे अक्षर झाकतो. आर्सेनिकामुळे कीड त्याच्यापासून दूर राहते, हा आणखी एक लाभ. पोथ्यांचे कागद हरताळाने पिवळे करण्याची रीत त्यातूनच रूढ झाली.

मनशीळ ही त्याच दोन मूलद्रव्यांची. मात्र तीत आर्सेनिकाचे प्रमाण ७० टक्के. नारिंगी-लाल रंगाच्या या खनिजात आर्सेनिकाचे चार व गंधकाचे चार अणू मिळून पिंजऱ्यासारखा एकेक रेणू बनतो. हे पिंजरे प्रकाशाने विस्कटतात. मनशिळेचा खडा उजेडात ठेवला की काही काळाने त्याच्या पृष्ठावर पिवळी भुकटी दिसू लागते. फार काळ ही भुकटी हरताळाचीच असे समजले जाई. १९८० साली ते वेगळे खनिज असल्याचे निश्चित झाले आणि त्याला ‘पॅरारिअल्गर’ हे नाव मिळाले. त्यात एकही अणू वाढलेला नसतो, एकही घटलेला नसतो. बदलते ती केवळ अणूंची जोडणी. पण तेवढ्याने लालीचा पिवळा होतो आणि सलग खड्याची भुकटी होते.

हिंगूळ हे पारा व गंधक यांचे खनिज. वजनाने सुमारे ८६ टक्के पारा असल्याने तो पाण्याच्या आठपट जड भरतो. सामान्य दगड पाण्याच्या पावणेतीनपट असतो. त्यामुळे हिंगुळाचा लहानसा खडाही तळहातावर अनपेक्षित भार देतो. वैद्यांना त्याचे दुसरे रूप ठाऊक आहे. पारा आणि गंधक एकत्र घोटले की काळी कज्जली तयार होते, आणि तीच विधिपूर्वक तापवली की लाल रससिंदूर मिळतो. घटक तेच, रचना दोन, रंगही दोन. पश्चिम भारतातील जुन्या कल्पसूत्रांच्या चित्रांमागे जी लाल भूमी दिसते, ती या हिंगुळाची. खलात दीर्घकाळ घोटून, पुन्हा पुन्हा धुऊन आणि गोंद मिसळून तो सिद्ध केला जाई. समासाच्या रेघा आणि श्लोकांचे अंकही त्यानेच रेखले जात. पुढे १५व्या शतकात निळ्या लाजवर्दाचा आणि सोन्याचा वापर वाढला, तरी हिंगुळाचे महत्त्व टिकून राहिले.

शेकडो वर्षांनंतरही हे रंग ताजे वाटतात, याचे श्रेय खनिजांइतकेच ज्ञानभांडारांच्या अंधाराला आहे. लाकडी पाट्यांत दाबलेली, वेष्टनात गुंडाळलेली, पेटीत ठेवलेली पोथी वर्षातून मोजक्या वेळा उजेड पाहत असे. मुनी पुण्यविजयजींनी पाटण व जैसलमेर येथील भांडारांची व्यवस्था लावण्यासाठी आयुष्य वेचले, तेव्हा त्यांच्या हाती आलेल्या पोथ्या या मितव्ययी उजेडानेच राखलेल्या होत्या.

आज भक्तीच्या उत्साहात नेमके उलटे घडण्याचा संभव आहे. ज्ञानपंचमीला किंवा श्रुतपंचमीला घरची जुनी सचित्र पोथी दर्शनार्थ मांडली जाते. कधी तिला ऊन दाखवले जाते, कधी तिच्यावर प्रखर दिवे सोडले जातात. संग्रहालये अशा पानांवरचा प्रकाश सामान्यतः ५० लक्सच्या आत ठेवतात. भर दुपारच्या उन्हात तो एक लाख लक्सच्या आसपास असतो. या उजेडात मनशीळ भुकटी होऊ लागते. हिंगूळ प्रकाश व क्लोराइडयुक्त दमट हवा यांच्या संगतीत काळवंडतो, आणि घामेजल्या बोटांतही क्लोराइड असते. हरताळ प्रकाशात हळूहळू फिकट होतो आणि त्यातून पांढरा सोमल बनतो. सोमल पाण्यात विरघळत असल्याने ओल्या फडक्याने पुसलेल्या पानावर तो पसरतो.

म्हणून पोथी सावलीत, कोरड्या हवेत, थोड्या वेळापुरतीच उघडावी. हात स्वच्छ व कोरडे असावेत आणि रंगावर बोट टेकवू नये. वासक्षेप, कुंकू किंवा अक्षता पानांवर न वाहता पाटावर वाहाव्यात. पान उलटताना बोट जिभेला लावण्याची सवय तर सर्वथा वर्ज्य होय. त्यात ज्ञानाची आशातना आहेच, शिवाय आर्सेनिक व पारा यांची संयुगे पोटात जाण्याचा धोकाही आहे. घरात हिंगुळाचे वा हरताळाचे जुने खडे असतील, तर ते कुटू वा तापवू नयेत. तापवलेल्या हिंगुळातून पाऱ्याची विषारी वाफ निघते. असे खडे मुलांच्या हाती लागणार नाहीत, असे बंद ठेवावेत. चित्रे निखळू लागली असतील, तर घरगुती उपाय न करता संग्रहालयातील वा हस्तलिखित ग्रंथालयातील संवर्धकाकडे पोथी दाखवावी.

आगमांनी या तीन नावांना पृथ्वीकायाच्या सूचीत स्थान दिले आणि लेखनिकांनी त्यांच्याच साहाय्याने आगम लिहिले. यंदाच्या पंचमीला वेष्टन सोडण्यापूर्वी खिडकीचा पडदा ओढून घेतला आणि मुलांना त्याचे कारण सांगितले, तर यतना पोथीचीही होईल आणि पृथ्वीकायाचीही.