विमान निवृत्त झालं की त्याच्या धाग्यांचं काय?

आमच्या उम्म सलाल मोहम्मदच्या बर्झान बुरुजांवरून लोक पूर्वी चंद्रकोर बघत. आता मान वर केली की विमानं. एअरबस ए३५० जगात सर्वांत आधी घेतलं ते कतार एअरवेजने, डिसेंबर 2014 मध्ये. त्याच्या वजनातला 53 टक्के भाग कंपोझिट, म्हणजे मुख्यतः कार्बनचे धागे आणि त्यांना बांधून ठेवणारी इपॉक्सी राळ.

गोची राळेची आहे. उकडलेल्या अंड्यासारखी ती एकदा घट्ट झाली की पुन्हा पातळ होत नाही. 500 अंशांच्या आसपास भट्टीत तापवली तर धागे हाती येतात, पण त्यांचं बळ थोडं उतरतं आणि राळ वाया जाते. ज्या धाग्यांसाठी हजार अंशांच्या वर भट्ट्या पेटवल्या, त्यांची ही गत! रासायनिक द्रावणाने बंध तोडता येतात, पण नेहमीच्या इपॉक्सीला त्यासाठी बराच दाब आणि उष्णता लागते.

मला पटतो तो आदित्य बिर्ला समूहाच्या रीसायक्लामाइनचा मार्ग. त्यात हार्डनरमध्येच असे बंध ठेवलेत, की गरम, सौम्य ॲसेटिक आम्लात (तेच ते, व्हिनेगरमधलं) ते सुटतात. धागे शाबूत, राळही थर्मोप्लास्टिक होऊन परत. सीमेन्स गमेसाने 2021 मध्ये पवनचक्कीची पाती या राळेची केली. विमानाच्या कसोट्या अर्थातच जास्त कडक.

पण नव्या विमानांची ऑर्डर देताना ‘हे सुटं कसं करणार?’ असं विचारायला काय हरकत आहे? मोठ्या गिऱ्हाइकाचं ऐकलं जातं. आणि मेसईदला पेट्रोकेमिकल कारखाने चालवणाऱ्या देशाला रसायनशास्त्र काही नवं नाही.