गेटा : सिनसिनाटीची न्याहारी

अमेरिकेच्या ओहायो राज्यात, ओहायो नदीच्या काठी सिनसिनाटी हे शहर वसले आहे. तेथील साध्या उपाहारगृहांत सकाळच्या वेळी तव्यावर तपकिरी रंगाचे काप चुरचुरत असतात. अंडी, टोस्ट आणि हे खरपूस काप अशी न्याहारी शहरवासीयांच्या आवडीची. या पदार्थाचे नाव ‘गेटा’. शहरापासून दूर गेले की मात्र खुद्द अमेरिकेतही अनेकांना हे नाव ठाऊक नसते.

गेटा म्हणजे मांस आणि भरड ओट यांची वडीच. डुकराचे आणि गाईचे मांस हाडांसकट दोन-तीन तास पाण्यात उकळतात. त्यात कांदा, तमालपत्र, मिरी आणि मीठ घालतात. मांस शिजले की बाजूला काढून बारीक करतात आणि त्याच पाण्यात भरड ओट शिजायला टाकतात. डब्यात मिळणारे चपटे ओट येथे चालत नाहीत. दाण्याचे तुकडे केलेले, आपल्या कण्यांसारखे ओटच लागतात. मग मांस पुन्हा त्यात मिसळून मिश्रण इतके घट्ट होऊ देतात, की ढवळताना हात भरून यावा. ते साच्यात थापून रात्रभर थंड करतात. सकाळी काप पाडून दोन्ही बाजूंनी कुरकुरीत होईपर्यंत भाजतात. कोथिंबीर वडी करणाऱ्या गृहिणीला ही रीत परकी वाटणार नाही. फक्त घाई करून उलटायला गेले, तर कापाचा चुरा होतो.

या कृतीचे मूळ काटकसरीत आहे. एकोणिसाव्या शतकात वायव्य जर्मनीतून हजारो कुटुंबे सिनसिनाटीत आली. त्या काळी हे शहर अमेरिकेतील डुकराच्या मांसाच्या व्यापाराचे मोठे केंद्र होते, इतके की त्याला ‘पोर्कोपोलिस’ असे टोपणनाव पडले. चांगले मांस विक्रीला जाई. उरलेसुरले तुकडे स्वस्तात मिळत. त्यात धान्य घातले की थोड्या मांसात मोठे कुटुंब जेवत असे. गावाकडे हीच युक्ती चालत होती. ब्रेमेनच्या परिसरात आजही ‘क्निप’ नावाचा असाच पदार्थ खातात. ‘गेटा’ हा शब्दही उत्तर जर्मनीच्या बोलीतला. त्याचे मूळ कण्या या अर्थाच्या शब्दात आहे.

या लोकांची वस्ती शहरातल्या कालव्याच्या उत्तरेला होती. कालवा ओलांडणे म्हणजे जर्मनीतली ऱ्हाइन नदी ओलांडणे, असे लोक थट्टेने म्हणत. त्यावरून वस्तीला ‘ओव्हर द ऱ्हाइन’ हे नाव पडले आणि ते आजही टिकून आहे. तेथे जर्मन वर्तमानपत्रे होती, जर्मन चर्च होती, बिअरचे कारखाने होते. १८४० पासून सरकारी शाळांतही इंग्रजीबरोबर जर्मन शिकवली जात होती.

एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका जर्मनीविरुद्ध युद्धात उतरली आणि वारे फिरले. काल-परवापर्यंतचे शेजारी संशयित ठरले. शहराच्या नामांकित वाद्यवृंदाचे संचालक अर्न्स्ट कुनवाल्ड जन्माने ऑस्ट्रियन होते. त्यांना नजरकैदेत टाकण्यात आले. १९१८ साली रस्त्यांच्या पाट्या बदलल्या. ब्रेमेन स्ट्रीटचा ‘रिपब्लिक स्ट्रीट’ झाला, जर्मन स्ट्रीटचा चक्क ‘इंग्लिश स्ट्रीट’ झाला. १९१९ मध्ये ओहायो राज्याने आठवीखालच्या मुलांना जर्मन शिकवण्यावर कायद्याने बंदी घातली. असे कायदे १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्दबातल ठरवले, पण तोवर घराघरांत आईवडिलांनी मुलांशी इंग्रजीतच बोलण्याची सवय लावून घेतली होती. मूल वेगळे दिसू नये, याचीच त्यांना काळजी होती.

खाद्यपदार्थही या वावटळीतून सुटले नाहीत. सॉरक्राउट या आंबवलेल्या कोबीला लोक ‘लिबर्टी कॅबेज’, म्हणजे स्वातंत्र्याचा कोबी म्हणू लागले. गेट्याकडे मात्र कोणाचे लक्ष गेले नसावे. त्याला ना मेजवानीत मान होता, ना बाहेर कीर्ती. तो गरिबाघरच्या चुलीवर आणि कोपऱ्यावरच्या खाटकाच्या दुकानात होता. तिथे कोण पाटी बदलायला जाणार? हिवाळा आला की मोठ्या पातेल्यात तो शिजत राहिला.

पुढे घरी तासन्‌तास ढवळत बसायला कोणाला सवड उरली नाही, तेव्हा दुकानदारांनी तो वारसा उचलला. १९४६ मध्ये नदीपलीकडच्या कव्हिंग्टन गावात ग्लायर यांनी आपला व्यवसाय सुरू केला. आज हा कारखाना वर्षाला दहा लाख पौंडांहून अधिक गेटा तयार करतो आणि त्यातला बहुतेक सारा सिनसिनाटीच्या आसपासच संपतो. २००१ पासून गेट्याचा उत्सवही भरू लागला. तिथे तो पिझ्झ्यावर, सँडविचमध्ये, कुठे कुठे गोड पदार्थातही घालतात. पणजोबांनी पाहिले असते, तर त्यांनी कपाळावर हात मारला असता.

तिथल्या तरुण पिढीतल्या बहुतेकांना जर्मनचे एक वाक्यही धड बोलता येत नाही. पणजीने ज्या गावाहून बोटीने प्रवास सुरू केला, त्या गावाचे नावही कित्येकांना सांगता येणार नाही. पण रविवारी सकाळी आईला ते विचारतात, “आज गेटा आहे ना?” शाळेत ज्या भाषेला बंदी झाली, तिचा एक शब्द असा रोजच्या जेवणाबरोबर मुलांच्या तोंडी राहून गेला आहे.