बॅटरी बदलण्याआधी केबल बघा

दसरा तोंडावर आला की पणदऱ्यात गाड्या धुवायला निघतात. माळेगाव आणि सोमेश्वर या दोन कारखान्यांच्या मधल्या रस्त्यावरचं आपलं गाव. पलीकडे इंदापूरच्या अंगाला भवानीनगरचा छत्रपती कारखाना. एकदा गाळप सुरू झालं की रस्त्यावर उसाच्या गाड्यांशिवाय काही दिसत नाही. खंडेनवमीला गाडीला हार घालतो, नारळ फोडतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. टायर बघतो, पाटे बघतो, ऑइल बदलतो. बॅटरीच्या पेटीचं झाकण मात्र कोणी उघडत नाही. ते उघडतं डिसेंबरात, कारखान्याच्या नंबरात, पहाटे चार वाजता, मागच्या गाड्या हॉर्न मारत असताना.

ट्रकमालक, ड्रायव्हर आणि ट्रॅक्टरवाल्या बांधवांनो, ती वेळ येण्याआधी माझं थोडं ऐका. गाड्यांच्या वायरिंगचं आणि बॅटरीचं काम मी बरीच वर्षं करतो. या कामात मी एक चूक केली होती, ती आधी सांगतो.

एका ट्रकवाल्याची गाडी सेल घेईना. स्टार्टर कण्हायचा, अर्धा फेरा मारून थांबायचा. मी मीटर लावला, सेल मारताना व्होल्ट खाली पडताना दिसले आणि मी सांगून टाकलं, बॅटऱ्या गेल्या, जोडी बदल. त्याने उसनवारी करून नवी जोडी घेतली. आठ दिवसांनी गाडी पुन्हा तशीच. तेव्हा मी खाली झोपून बघितलं. गिअरबॉक्सवरून चेसिसला येणारी अर्थची विणलेली पट्टी निम्मी तुटली होती आणि उरलेली हिरवी पडली होती. चेसिसकडच्या बोल्टाखाली रंग तसाच होता. कोणीतरी चेसिस रंगवली आणि बोल्ट त्या रंगावरच आवळला. रंग खरवडला, नवी पट्टी टाकली, गाडी पहिल्या सेलला उठली. त्याच्या जुन्या बॅटऱ्या तोवर भंगारात गेल्या होत्या. मी आधी वाकून बघितलं असतं तर त्या माणसाचे पैसे वाचले असते. तेव्हापासून केबल आणि अर्थ तपासल्याशिवाय मी कोणाला बॅटरी घ्यायला सांगत नाही, आणि तुम्हीही घेऊ नका.

कारण असं की, बॅटरीतून जेवढी वीज स्टार्टरकडे जाते तेवढीच परत यावी लागते. जाते प्लसच्या केबलीतून. येते इंजिनच्या अंगातून, अर्थच्या पट्टीतून, चेसिसमधून. आपण जाण्याचा रस्ता बघतो, येण्याचा विसरतो. आणि ही वीज थोडीथोडकी नसते. सेल मारताना ट्रकचा स्टार्टर तीनशे-चारशे अँपियर ओढतो, थंडीत इंजिन जड असेल तर त्याहून जास्त. घरातला मोठा पंप जेवढे अँपियर घेतो त्याच्या कितीतरी पट. एवढा प्रवाह वाहताना लहानसा अडथळाही महाग पडतो.

हिशेब करून दाखवतो. तीन मीटर लांबीची तांब्याची केबल, ७० स्क्वेअर एमएम जाडीची. ४०० अँपियर वाहताना तिच्यात साधारण ०.३ व्होल्ट मरतो. तीच केबल ३५ स्क्वेअरची असेल तर ०.६ व्होल्ट. आणि ३५ स्क्वेअरचीच, पण वरून तांबं आणि आत ॲल्युमिनियम अशी असेल तर एक व्होल्टच्या जवळपास. ट्रकच्या २४ व्होल्टात हे एकवेळ खपतं. ट्रॅक्टरला एकच १२ व्होल्टची बॅटरी असते, तिथे तोच एक व्होल्ट दुप्पट जाणवतो. हे झालं नुसत्या केबलीचं. खराब सांधा एकटा पाऊण व्होल्ट सहज खातो, आणि ४०० अँपियरला पाऊण व्होल्ट म्हणजे ३०० वॅट उष्णता, तीही बोटाच्या पेराएवढ्या जागेत. म्हणून सेल मारल्या-मारल्या टर्मिनलला हात लावून बघा. एखादं टर्मिनल गरम लागलं तर आजार तिथेच आहे.

आता तपासणी. काही शे रुपयांचा मल्टिमीटर लागतो, तो प्रत्येक गाडीत असावा असं मला मनापासून वाटतं. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, चाकाला दगड. मीटर डीसी २० व्होल्टवर. एक टोक बॅटरीच्या प्लसच्या खुंटीवर धरा. क्लॅम्पवर नको, खुंटीवर, म्हणजे क्लॅम्पचा दोषही पकडला जातो. दुसरं टोक स्टार्टरच्या त्या बोल्टावर, जिथे जाड केबल येऊन बसते. दुसऱ्याला दोन-तीन सेकंद सेल मारायला सांगा. जुन्या गाडीत स्टॉपर ओढून धरता येतो. नव्या गाड्यांत सेन्सरच्या वायरी उपटू नका, इंजिन उठेपर्यंत जो आकडा दिसेल तो पुरेसा असतो. ट्रकला तो अर्ध्या व्होल्टाच्या आत हवा, ट्रॅक्टरला पाव व्होल्टाच्या आसपास. मग एक टोक स्टार्टरच्या अंगावर आणि दुसरं मायनसच्या खुंटीवर धरून तेच करा. तिथे मी ट्रकलाही ०.३ च्या वर जाऊ देत नाही. दोन बॅटऱ्या जोडणारा छोटा तुकडाही असाच बघा. तो आखूड म्हणून सगळे सोडून देतात आणि बरेचदा चोर तोच निघतो.

केबल घ्यायची वेळ आली तर जाडीत कंजुषी करू नका. गाडीत कंपनीची जेवढी होती तेवढी किंवा एक नंबर जाड घ्या. टोकाची एक तार काढून ब्लेडने खरवडा. आतपर्यंत तांबडी असेल तर तांबं. पांढरी निघाली तर वरचा मुलामा आहे, ती केबल परत ठेवा. वेल्डिंगची केबल पुष्कळजण टाकतात. ती खऱ्या तांब्याची असेल तर चांगली चालते, बारीक तारांची असल्यामुळे हादऱ्यातही टिकते. फक्त डिझेल-ऑइलने तिचं रबर सुजतं, म्हणून वरून स्लीव्ह घाला.

खरी गडबड लगमध्ये होते. काढलेल्या केबली मी उघडून बघतो तेव्हा निम्म्यांत हेच दिसतं: केबल जाड, लग बारीक, बसेना म्हणून कडेच्या पंधरा-वीस तारा कापून टाकलेल्या आणि उरलेल्यांवर हातोडीने लग चेपलेला. वरून काळी टेप. टेप सोडली की आतून हिरवी पूड सांडते. लग केबलच्या मापाचाच घ्या, हायड्रॉलिक क्रिम्परने दाबून घ्या, वर गोंदाची हीट श्रिंक चढवा. हातोडीने करतो म्हणणाऱ्याकडे केबल देऊ नका, काम स्वस्तात होत असलं तरी.

केबल नेताना सायलेन्सरपासून लांब, चेसिसच्या भोकातून जाताना रबरी ग्रॉमेट, आणि हात-दीड हातावर क्लिप. ब्रेकच्या किंवा डिझेलच्या नळीला ती कधीही बांधू नका. बॅटरी ते स्टार्टर या जाड केबलला बहुतेक गाड्यांत फ्यूज नसतो. ती घासून चेसिसला टेकली तर बॅटरी आपली सगळी ताकद तिथेच ओतते, आणि आपल्या गाडीवर वाळलेलं पाचट असतं. कट-ऑफ स्विच नसेल तर बसवून घ्या; गाडी नंबराला लावून जेवायला जाताना तो बंद करता येतो.

आता बॅटरीकडे येऊ. केबल, अर्थ, अल्टरनेटर ठीक आणि तरीही गाडी उठत नसेल, तर रात्रभर उभ्या गाडीच्या दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे रिकामी. सेल मारताना प्रत्येक बॅटरी साडेनऊच्या वर राहिली पाहिजे. दोघींत अर्ध्या व्होल्टाहून जास्त फरक पडला तर एक थकली आहे. इंजिन चालू असताना ट्रकला साडेसत्तावीस ते साडेअठ्ठावीस व्होल्ट चार्जिंग दिसावं. तीसकडे जात असेल तर नवी बॅटरीसुद्धा एका हंगामात उकळून जाईल. आधी रेग्युलेटर बदला.

एक थकली म्हणून एकच नवी घ्यायचा मोह होतो, ते मला समजतं, पैसा सोपा नाही. पण दोन्ही बॅटऱ्या एका माळेत असतात, दोघींतून सारखीच वीज जाते. जुनी भरत नाही म्हणून नवी जास्त भरली जाते, उकळते, आणि वर्षभरात तीही जुनी होते. जोडीच घ्या: एकच कंपनी, एकच क्षमता, शक्यतो एकाच महिन्यात बनलेली. क्षमता गाडीच्या पुस्तकात लिहिलेली असेल तीच. दुकानात पैसे देण्याआधी बनवल्याची तारीख बघा आणि मीटर लावायला सांगा. पाणी-ॲसिड भरलेली बॅटरी १२.४ च्या खाली दाखवत असेल तर ती फळीवर पडून राहिलेली आहे. वॉरंटी कार्डावर गाडी नंबर आणि तारीख तिथेच लिहून घ्या. ट्रकची वॉरंटी मोटारीपेक्षा वेगळी असते, तीही विचारा.

घरच्या इन्व्हर्टरची उंच ट्यूब्युलर बॅटरी ट्रकला लावू नका. तिच्या जाड प्लेटा तासन्‌तास थोडी-थोडी वीज द्यायला केलेल्या असतात, एका दमात चारशे अँपियर द्यायला नाहीत. जुन्या पेटीत प्लेटा भरून दिलेली बॅटरीही उसाच्या गाडीला मी सुचवणार नाही.

सीलबंद घ्यावी की पाण्याची? दर पंधरा दिवसांनी झाकण उघडणारा मालक असेल तर पाण्याची घ्या, कारण तिच्या सहाही कप्प्यांत हायड्रोमीटर बुडवता येतो आणि कोणता कप्पा मेला ते दिसतं. भरल्यावर बाराशे पन्नासच्या आसपास, आणि सगळे कप्पे एकसारखे. उघडणं होणार नसेल तर सीलबंदच बरी. पाणी मात्र डिस्टिलच. नीरा डाव्या कालव्याच्या खालच्या आपल्या पट्ट्यात बोअरचं पाणी किती क्षारट आहे हे जमीन कसणाऱ्याला सांगायला नको. जे पाणी माती पांढरी करतं ते प्लेटांना काय करेल? फिल्टरच्या जारचं पाणीही नको, आणि वरून ॲसिड तर कधीच नको.

ट्रकमध्ये टेप, एलईडीच्या माळा, मोबाइलचा चार्जर लावायचा म्हणून दोनपैकी एका बॅटरीवरून १२ व्होल्ट काढतात. ती एकटी रोज रिकामी होत राहते, आणि जोडी बिघडायचं हे आपल्याकडचं फार मोठं कारण आहे. २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर मिळतो, तो दोन्ही बॅटऱ्यांवर सारखा भार टाकतो. तो बसवा.

नंबरातही एक सवय बदलावी लागेल. गाडी दहा फूट पुढे घ्यायची, बंद करायची. अर्ध्या तासाने पुन्हा सेल, पुन्हा दहा फूट. रात्रीत पंधरा वेळा सेल आणि अल्टरनेटर चालला एकूण दहा मिनिटं. गेलेलं भरूनच येत नाही. अशा रात्री दिवे आणि टेप बंद ठेवा, आणि नंबर भराभर सरकत असेल तेव्हा इंजिन चालूच राहू द्या.

तरीही गाडी बसली आणि शेजारच्याची बॅटरी लावावी लागली, तर २४ ची गाडी ट्रॅक्टरला जोडू नका. आधी प्लस-प्लस, मग त्याचा मायनस, आणि शेवटचं टोक आपल्या बॅटरीवर नको, इंजिनच्या उघड्या लोखंडावर, बॅटरीपासून लांब. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो. एका ठिणगीने ती फुटते आणि ॲसिड तोंडावर येतं. तिच्यावर वाकून बिडी ओढू नका, काडी ओढून पाणी बघू नका. डोळ्यांत उडालं तर चोळू नका, साध्या पाण्याने पंधरा-वीस मिनिटं धुवत राहा आणि दवाखाना गाठा. केबल काढताना आधी मायनस, लावताना मायनस शेवटी. हातातलं कडं, अंगठी काढून ठेवा.

जुनी बॅटरी घरामागे फोडून शिसं काढणाऱ्याला देऊ नका. तिच्या वजनात निम्म्याहून अधिक शिसं असतं, ते लहान मुलांच्या रक्तात गेलं की बाहेर काढणं कठीण. नवी घेताना जुनी दुकानदाराला द्या आणि तिची किंमत वजा करून घ्या. २०२२ च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी बनवणाऱ्या कंपन्यांवरच टाकली आहे.

शेवटी उन्हाळ्याचं. बॅटऱ्या हंगामात वापरून मरतात त्यापेक्षा जास्त हंगामानंतर उभ्या राहून मरतात. पट्टा पडला, गाडी वस्तीवर बाभळीखाली लावली, ती थेट दसऱ्याला हलवली. उन्हात उभी बॅटरी आपोआप उतरते आणि उतरलेल्या प्लेटांवर पांढरा थर धरतो, तो नंतर चार्जरनेही जात नाही. गाडी लावताना टर्मिनल कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा, पुसून कोरडी करा, मायनसची केबल काढून ठेवा. युरियाची टाकी असलेल्या नव्या गाडीत चावी बंद केल्यावर पाच मिनिटं थांबून मगच काढा. मग महिन्यातून एकदा बॅटरी चार्जरला लावा. तारीख लक्षात राहत नसेल तर पौर्णिमा धरा: सकाळी झाकणं उघडून पाणी बघायचं, मोकळ्या हवेत चार्जर लावायचा, भरली की काढायचा आणि पेटीच्या झाकणावर खडूने व्होल्ट लिहून ठेवायचे.