पासवर्ड डिस्क्रिप्शनमध्ये, फायरवॉल दारात

पेनटेस्टला बसलो की मी आधी काहीच 'हॅक' करत नाही. साध्या कर्मचाऱ्याच्या लॉगिनवरून 'नेट यूजर /डोमेन' टाइप करतो. अख्ख्या कंपनीची खाती समोर! ॲक्टिव्ह डिरेक्टरी लॉगिन असलेल्या कुणालाही हे वाचू देते, डिफॉल्टच तसा आहे. एका ठिकाणी बॅकअपच्या खात्याच्या डिस्क्रिप्शनमध्ये चक्क पासवर्ड होता. आयटीवाले म्हणाले, 'आतलेच लोक बघतात हो!' अहो, फिशिंगला एक जण फसला की चोरही आतलाच. ग्रुप पॉलिसीत पासवर्ड ठेवायची सोय मायक्रोसॉफ्टने २०१४ साली बंद केली (त्याची किल्ली त्यांनीच छापली होती!), पण सिसव्हॉलमधल्या जुन्या फायली पॅच पुसत नाही. त्या हातानेच काढाव्या लागतात. आणि मीटिंग कशावर? नवा फायरवॉल कुठला घ्यायचा!